रिकामी टाकी वर आली, त्याची गोष्ट : जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात घर बांधायचं तर आधी पाणी साठवायची सोय बघावी लागते. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी नसलेलं घर इथे सापडणं अवघड. जुळे सोलापूर भागातल्या एका वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांचं हे प्रकरण आहे. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचा विटांचा जुना हौद गळायला लागला होता. तो बुजवून त्यांनी मे महिन्यात जमिनीखाली बसवायची पाच हजार लिटरची प्लास्टिकची टाकी घेतली.

आठ बाय आठ फुटांचा खड्डा खणला. वर चार फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम. तळाला चार इंच साधं काँक्रीट, त्यावर वाळू, वाळूवर टाकी. कडेच्या मोकळ्या जागेत खणून काढलेलाच मुरूम, दगडगोट्यांसकट ढकलला. टाकीच्या डोक्यावर फूटभर माती आणि वर शहाबादी फरशी घातली. चार दिवसांत काम उरकलं.

या कामात मी नव्हतो. मात्र मेमध्ये अण्णांचा फोन आला होता: "साहेब, टाकी खाली काँक्रीटला बांधून घ्यावी लागते असं दुकानदार म्हणतोय. खरंच लागतं का?" मी एका बांधकामाच्या साइटवर उन्हात उभा होतो. म्हणालो, "अण्णा, आपल्याकडे बोअर सहाशे-सातशे फूट खाली जातात. जमिनीत पाणी आहे कुठं? राहू द्या." या लिखाणात चुका बऱ्याच जणांच्या निघतील. पहिली माझी आहे, म्हणून ती आधी नोंदवली.

काय घडलं

गौरी-गणपतीला आठवडा राहिला होता. सणाआधी टाकी धुवायची म्हणून घरच्यांनी संध्याकाळी मोटर लावून सगळं पाणी उपसलं, गाळ काढला, आतून पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी यायचं होतं, म्हणून टाकी रात्रभर वाळत ठेवली. रात्री अकराच्या पुढे पाऊस सुरू झाला. अंगणात रंगाचा रिकामा डबा उघडा पडला होता, सकाळी त्यात सहा सेंटीमीटर पाणी मोजलं. सोलापूरच्या मानाने एका रात्रीत हा पाऊस पुष्कळ झाला.

पहाटे पाण्यासाठी उठलेल्या काकू अंधारात ठेचकाळल्या. अंगणातली फरशी मधोमध फुगून उचकटली होती आणि टाकीचं तोंड जमिनीतून चांगलं फूटभर वर आलं होतं. नळाकडून येणारा पाइप जोडावर मोडला होता.

अण्णांच्या मनात पहिल्यांदा भूकंपच आला. इकडच्या त्या पिढीला ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. पण या वेळी शेजारी कोणाला काही जाणवलं नव्हतं, भिंतीला तडा नव्हता, मांडणीवरचं भांडं जागचं हललं नव्हतं. वर आली होती ती फक्त टाकी.

पहिला निर्णय : पाणी भरायचं की नाही

मी पोचलो तेव्हा दारात टँकर उभा होता. मिस्त्रींचा सल्ला सरळ होता: "सायेब, आत पाणी सोडा. वजन आलं की आपोआप खाली बसतंय बघा."

ऐकायला पटणारा सल्ला. तरी मी टँकर थांबवला. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पहारीने भोक पाडायला सांगितलं. दोन फुटांवर पाणी लागलं. ज्या गावात पाण्यासाठी सातशे फूट खाली जावं लागतं, तिथे अंगणात दोन फुटांवर विहीर! अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मेमधला फोन त्या क्षणी दोघांनाही आठवला असणार, पण त्यांनी विषय काढला नाही.

टँकर थांबवायची कारणं दोन. टाकी वर उचलली जाताना कडेचा सैल मुरूम तिच्या तळाखाली सरकलेला असतो. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. त्यावर पाच टन पाणी ओतलं तर टाकी मूळ जागी बसणार नाही, कुठल्या तरी दगडावर टेकून वाकेल किंवा फुटेल.

दुसरं कारण लोकांना पटायला जड जातं. बाहेर काठोकाठ पाणी असताना आतही काठोकाठ पाणी भरलं, तर आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या रेट्याला तेवढं तोलून धरतं, त्यापलीकडे काही करत नाही. टाकीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकंच असतं. म्हणजे पाण्यात उभी असलेली भरलेली टाकी खाली दाबत नाही, ती फक्त वर यायची थांबते. खाली सरकलेला मुरूम दाबून आपली जागा परत मिळवायला लागणारं वजन येणार कुठून?

टाकी का उचलली गेली

अण्णांचा प्रश्न रास्त होता. "टाकीचं वजन दोनशे किलो. वर टनभर माती, त्यावर फरशी. पाऊस पडला तर माती भिजून उलट जड व्हायला पाहिजे. ती वर कशी आली?"

त्यांची नात सातवीत. ती तिथेच उभी होती. "आजोबा, हलकी वस्तू तरंगते, जड वस्तू बुडते," ती म्हणाली. हेच वाक्य अर्धवट आहे. जड कशाच्या मानाने, ते त्यात येत नाही. सुई बुडते. गुळाची काहील लोखंडी, दोन माणसांना न उचलणारी, पण भीमाकाठी माणसं तिच्यातच बसून पाणी ओलांडतात. वस्तू पाण्यात जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी तिला वर देतं. आर्किमिडीजने हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मांडलं. वस्तूचं स्वतःचं वजन त्या रेट्याहून कमी असेल तर ती वर येते, जास्त असेल तर तळाला जाते. काहील लोखंडाची असली तरी तिने अडवलेली जागा बहुतेक हवेची असते. रिकामी टाकीही तशीच.

लग्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशोब मांडला. टाकीचा व्यास १.८ मीटर, उंची २ मीटर. तळाचं क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर. बाहेरचं पाणी तळापासून दर दहा सेंटीमीटर चढलं की वरचा रेटा अडीचशे किलोने वाढतो. टाकीच्या माथ्यापर्यंत चढलं तर पाच टनांच्या पुढे. खाली दाबून धरायला काय होतं? टाकी दोनशे किलो, वरची माती अकराशे, फरशी आणि तिच्याखालचा माल दोनशे. एकूण दीड टन. म्हणजे साठ सेंटीमीटर पाण्यालाच तराजू बरोबरीत आला. कडेच्या मातीची धर धरली तरी सत्तर-ऐंशीला टाकी सुटणार.

"पण टाकी तरंगायला पाच हजार लिटर पाणी लागेल ना? तेवढं आलं कुठून?" हा मिस्त्रींचा प्रश्न. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि चांगल्या शिकलेल्या माणसांचीही इथे गल्लत होते.

काकूंकडून दोन पातेली मागितली, एकात एक जेमतेम बसणारी. आतल्यात दोन किलो ज्वारी ओतली. मग दोन्हींच्या मधल्या फटीत फुलपात्राने हळूहळू पाणी सोडलं. एक फुलपात्र संपता संपता आतलं पातेलं तळ सोडून वर डुलायला लागलं. पाणी दीडशे-दोनशे ग्रॅम, उचललं दोन किलोंच्या वर. नातीने बोटाने पातेलं गरकन फिरवून बघितलं. रेटा पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती उंच चढलं आणि किती तळाला भिडलं यावर ठरतो. भांडं अंगाबरोबर असेल तर थोडक्या पाण्यातही उंची भरपूर मिळते.

अंगणातला खड्डा हेच बाहेरचं पातेलं. टाकीच्या कडेने उरलेली जागा दोन-तृतीयांश मुरमाने भरलेली. तिथे ऐंशी सेंटीमीटर पाणी चढायला साधारण नऊशे लिटर पुरतात. आणि गच्चीचा पावसाळी पाइप नेमका खड्ड्याच्या कोपऱ्यावर सोडलेला होता! साठ चौरस मीटर गच्ची, सहा सेंटीमीटर पाऊस: साडेतीन हजार लिटर. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही. आत सैल मुरूम, भोवती घट्ट जमीन. सातशे फुटांवरच्या भूजलाचा इथे संबंधच नव्हता. आपणच एक भांडं खणलं होतं, ते एका रात्रीत भरलं. मेमधल्या माझ्या उत्तरात एवढंच कळलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

अण्णांना सण तोंडावर होता, त्यामुळे पर्याय तोलताना तारखेचं वजन पैशाइतकंच पडलं.

पाणी भरून बघायचा पर्याय आम्ही सोडला, त्याची कारणं आधी सांगितलीच आहेत.

दुसरा पर्याय शेजाऱ्यांचा: "प्लास्टिक काढा, काँक्रीटचा हौद करा. काँक्रीट कधी तरंगतं का?" तरंगतं. आतून दोन मीटर लांब, रुंद, उंच असा आठ हजार लिटरचा हौद, सगळीकडून पंधरा सेंटीमीटर जाडीचा, वरून झाकलेला धरा. त्यात काँक्रीट भरतं सुमारे दहा टन. तो जागा अडवतो सव्वाबारा टन पाण्याची. रिकामा असताना भोवती माथ्यापर्यंत पाणी आलं तर हाही उचलला जाऊ शकतो. भर पावसाळ्यात धुवायला रिकामे केलेले पोहण्याचे तलाव असेच तळातून उचलले गेल्याची उदाहरणं बांधकामवाल्यांना ठाऊक असतात. काँक्रीटचा ठोकळा बुडतो म्हणून काँक्रीटचा डबा बुडेल असं नाही. शिवाय या पर्यायात सण पाण्यावाचून गेला असता.

तिसरा पर्याय स्वस्त: टाकी जशी आहे तशी ठेवून पाइप जोडायचे, वर आलेल्या तोंडाभोवती ओटा बांधायचा. अण्णांचा मुलगा पुण्याहून फोनवर याच मताचा होता. खरं सांगायचं तर दोन-तीन वर्षं निभलंही असतं. पण टाकीखाली काय अवस्था आहे ते दिसत नव्हतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता.

चौथा: टाकी बाहेर काढून तळाला सळयांचा स्लॅब, त्याला टाकी पट्ट्यांनी बांधायची, भराव नव्याने. जुन्या कामातही तळाला काँक्रीट होतं, पण टाकी त्यावर नुसती ठेवली होती. वजन टाकीखाली होतं, टाकीला नव्हतं. टाकी वर गेली, काँक्रीट तिथेच राहिलं.

चौथा घेतला, पण दोन टप्प्यांत. सणापुरती गच्चीवरच्या टाकीत टँकरचं पाणी चढवायचं, आणि टाकी बसवायचं काम विसर्जनानंतर. मधले दिवस खड्डा कोरडा ठेवायचा.

काय केलं

त्याच दुपारी गच्चीचा पाइप गटारीकडे वळवला. कोपऱ्यातलं भोक मोठं करून चिखल ओढणारा पंप सोडला, अंगणावर ताडपत्री अंथरली.

इथे दुसरी चूक झाली. पाणी उतरायला लागल्यावर टाकी सरळ राहील असं मी धरून चाललो. बाहेरचा आधार गेल्यावर ती एका अंगाला दोन इंच कलली, तळाखाली सरकलेल्या दगडावर. पंप लावण्याआधी आत फूटभर पाणी घेऊन टाकी हळूहळू टेकू द्यायला हवी होती किंवा तोंडाला दोर लावून वरून धरायला हवी होती. तेव्हा काही दिसलं नाही. टाकी बाहेर काढल्यावर पाणी भरून तपासली तेव्हा नळाच्या तोंडाशी केसभर चीर सापडली. ती उचकटताना पडली की कलताना, हे आता कोणी सांगू शकणार नाही. प्लास्टिकची वेल्डिंग करून घेतली.

नवा स्लॅब आठ इंच जाडीचा, खड्ड्याच्या पूर्ण मापाचा. म्हणजे टाकीच्या चारी बाजूंनी त्याच्या कडा बाहेर येतात. महत्त्वाच्या त्या कडाच. स्लॅबचं कोरडं वजन पावणेतीन टन, पण पाण्यात तोही आपल्या जागेपुरता हलका होतो आणि दीड टनाच्या आसपास उरतो. तेवढ्याने पाच टनांचा रेटा अडत नाही. बाहेर आलेल्या कडांवर दोन मीटर उंच भराव बसतो, तो पाण्यात हलका धरला तरी साडेपाच टनांच्या वर. टाकी वर जायला निघाली तर तिला हा सगळा भराव उचलावा लागेल. टाकीवरची माती मिळवून खाली धरणारं वजन आठ टनांच्या पुढे जातं. हा हिशोब मिस्त्रींना दाखवल्यावर त्यांनी पट्ट्यांच्या हुकांसाठी स्वतःहून एका आकड्याने जाड सळई घेतली.

भराव करताना मुरूम टाळला. क्रशरची वाळू फूट-फूट थराने टाकली आणि दर थराबरोबर टाकीत तेवढ्याच उंचीचं पाणी घेतलं, म्हणजे कडेचा दाब एकतर्फी पडत नाही. वर काळ्या मातीचा थर द्यावा असं मिस्त्री म्हणत होते, पाणी आत जाणार नाही म्हणून. मी नको म्हटलं. ती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि फरशी दरवर्षी उखडते. त्याऐवजी बाहेरच्या बाजूला उतार दिलेलं काँक्रीट घातलं. कोपऱ्यात तळापर्यंत चार इंची, भोकं पाडलेला पाइप उभा केला, वर टोपण. खड्ड्यात पाणी आहे का, ते काठी घालून बघायला.

सगळा खर्च मेमधल्या खर्चाच्या जवळपास दीडपट आला. मी माझे पैसे घेतले नाहीत. ते औदार्य नव्हतं.

पुढे काय झालं

ऑक्टोबरात परतीच्या पावसाने दोन रात्री झोडपलं. दुसऱ्या सकाळी अण्णांनी काठी घातली: ओल नव्वद सेंटीमीटरपर्यंत. गच्चीचं पाणी वळवूनही एवढं आलं, आजूबाजूच्या अंगणांतून मुरूम पकडून. टाकी तेव्हा अर्ध्याच्या वर भरलेली होती. जागची हलली नाही, फरशीचा सांधासुद्धा उघडला नाही. पण ही परीक्षा पुरती झाली असं मी मानत नाही. टाकी रिकामी आणि खड्डा भरलेला असा योग अजून आलेला नाही.

अडचण निघाली ती भलतीकडेच. अण्णा आता टाकी रिकामी करायलाच घाबरतात. मीच सांगून ठेवलं होतं की पावसाळ्यात पाऊण टाकीच्या खाली जाऊ नका. तो आकडा जुन्या, न बांधलेल्या टाकीसाठी होता: पाऊण टाकीचं पाणी पावणेचार टन आणि वरचा दीड टन मिळून पाच टनांचा रेटा जेमतेम तोलतो. नव्या टाकीला त्याची गरज नाही, पण ते पटवणं जमलेलं नाही. गाळ साठतो म्हणून काकूंची तक्रार असते. तडजोड म्हणून टाकी एप्रिलमध्ये धुतात, पाइपात काठी कोरडी निघाल्यावरच.

वेगळं काय करता आलं असतं

मेमध्ये दुकानदार बरोबर होता. अशा टाकीबरोबर बसवण्याचा जो कागद येतो त्यात बांधून घ्यायची सूचना असते, तो कागद अण्णांच्या कपाटात पिशवीत तसाच होता. मी फोनवर उत्तर देण्याऐवजी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: माती कुठली आणि गच्चीचं पाणी कुठे पडतं. दोन्ही उत्तरं ऐकली असती तर बोअरची खोली मधे आणलीच नसती.

मेमध्ये पट्टे आणि कडा असलेला स्लॅब घेतला असता तर मूळ कामात थोडीच भर पडली असती. तेवढंही नको असेल तर गच्चीचा पाइप दहा फूट लांब सोडला असता तरी त्या रात्री बहुधा काही झालं नसतं. मिस्त्रींचं मत अजून वेगळं आहे. ते म्हणतात, टाकी धुवायचा दिवस चुकला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, भरलेली टाकी त्या रात्री जागेवरच राहिली असती. पण कधीच रिकामी करायची नाही अशी टाकी काय कामाची, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

गल्लीत त्यानंतर तीन घरांनी आपापल्या अंगणात पहारीने भोक पाडून बघितलं. एकाच्या खड्ड्यात पाणी निघालं. त्यांची टाकी विटांची आहे, जुनी, जाड भिंतीची, आणि गळकी. बाहेर पाणी चढलं की तेच झिरपून आत येतं, त्यामुळे ती कधी वर येणार नाही. गळत असल्याचा फायदा झालेला हा मला माहीत असलेला एकमेव हौद.